प्रस्तावना: बोईसर-तारापूरची गणिते आणि ज्युलिया

बोईसर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर तारापूरची औद्योगिक वसाहत सुरू होते. रस्ता तसाच समुद्राच्या दिशेने धरला की अणुवीज केंद्राचा परिसर लागतो. देशातली पहिली व्यावसायिक अणुवीज याच किनाऱ्यावर 1969 साली तयार झाली. वसाहतीत औषधांची मूळ द्रव्ये, रंग, कापड, पोलाद बनते. उत्तरेला डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे छोटे-मोठे धक्के बसू लागले आणि धुंदलवाडी हे नाव घरोघरी माहीत झाले. वाढवणला बंदर होणार आहे, तेथे लाटांचा आणि गाळाचा प्रश्न आहे. इतक्या जवळजवळ इतके वैज्ञानिक प्रश्न महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडतील. तरीही यातले कोणतेही गणित पालघरच्या किंवा बोईसरच्या कॉलेजातला विद्यार्थी स्वतः मांडून सोडवतो आहे, असे दृश्य दुर्मीळ आहे. उत्तरे बाहेरून तयार येतात. महागड्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत आकडे भरायचे आणि छापून आलेला आलेख फाइलला लावायचा, एवढेच आपल्याकडे उरते.

हे पुस्तक ज्यांना त्या खिडकीच्या आत डोकावायचे आहे, त्यांच्यासाठी लिहिले आहे. त्यासाठी मी ज्युलिया ही तुलनेने नवी संगणकभाषा निवडली. ती का निवडली आणि ती कुठे अडवते, या दोन्ही गोष्टी वाचकाला पहिल्या पानाआधी ठाऊक असाव्यात. भाषा शिकायला महिने जातात, आणि कोणाचे महिने मागताना मागणाऱ्याने वस्तूचे गुणदोष आधी सांगायला हवेत.

ज्युलियाचे काम 2009 साली सुरू झाले. जेफ बेझॅन्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शाह आणि एमआयटीतले गणिताचे प्राध्यापक अॅलन एडलमन हे तिचे चौघे कर्ते. फेब्रुवारी 2012 मध्ये ती जाहीर झाली, ऑगस्ट 2018 मध्ये तिची 1.0 आवृत्ती आली. यातले विरल शाह भारतीय आहेत. नंदन नीलेकणी यांच्याबरोबर त्यांनी आधारच्या कामात भाग घेतला आणि दोघांनी मिळून त्या विषयाच्या अनुषंगाने 2015 साली एक पुस्तकही लिहिले. बेझॅन्सन, कार्पिन्स्की आणि शाह यांना 2019 चा जेम्स विल्किन्सन पुरस्कार मिळाला. संख्यात्मक गणिताच्या सॉफ्टवेअरसाठी दिला जाणारा हा मोठा मान आहे. भाषा पूर्णपणे मोफत आहे, तिचा सगळा कोड उघडा आहे.

तिच्या जन्मामागे एक जुनी अडचण होती. वैज्ञानिक आपली कल्पना आधी मॅटलॅब किंवा पायथॉनसारख्या सोप्या भाषेत मांडतो. ती लिहायला सुटसुटीत असते, पण हिशेब मोठा झाला की रेंगाळते. मग तोच कार्यक्रम सी किंवा फोर्ट्रानमध्ये पुन्हा लिहायचा, आणि बहुधा तो दुसराच कोणीतरी लिहितो. प्रश्न समजणारा एक आणि वेगवान कोड लिहिणारा दुसरा, अशी फूट पडते. त्या फुटीतून चुका शिरतात. ज्युलिया पायथॉनइतकी सुटसुटीत लिहिता येते आणि चालवण्याआधी प्रत्येक फंक्शनचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करते, त्यामुळे लूप असलेला कोडही सीच्या जवळपास वेगाने धावतो. 2017 साली अमेरिकेतल्या कोरी या महासंगणकावर ज्युलियात लिहिलेल्या एका कार्यक्रमाने आकाशाच्या छायाचित्रांतल्या सुमारे 18.8 कोटी तारे-दीर्घिकांची सूची साडेचौदा मिनिटांच्या आसपास तयार केली आणि एक पेटाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला दहाचा पंधरावा घात इतक्या आकडेमोडींचा, टप्पा ओलांडला. तोवर तो टप्पा सी, सी++ आणि फोर्ट्रान या जुन्या भाषांचाच मानला जात असे.

महासंगणक आपल्यापासून दूर आहे. म्हणून वसाहतीतलेच उदाहरण घेतो. या पुस्तकाचा अर्धा भाग त्याच उदाहरणाभोवती बांधला आहे.

प्रयोगशाळेत एक लिटरच्या फ्लास्कमध्ये सुखरूप पार पडलेली उष्णतादायी अभिक्रिया प्लान्टमध्ये पाच हजार लिटरच्या ग्लासलाइन रिअॅक्टरमध्ये नेली की तिचा स्वभाव बदलतो. भांड्याचा आकार तसाच ठेवला तर घनफळ पाच हजार पट होते, पण भांड्याभोवतीच्या गार करणाऱ्या जॅकेटला लागणारा पृष्ठभाग सुमारे 290 पटच वाढतो. म्हणजे दर लिटरमागे गार करणारी जागा सतरा पटींनी कमी झाली. त्यातच तापमान दहा अंशांनी चढले की अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. जॅकेटमधून बाहेर जाणारी उष्णता मात्र आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. एक रेष सरळ वर जाते, दुसरी वळण घेत उभी चढते. त्या दोन रेषा जिथे एकमेकींना सोडून जातात, तिथून पुढे बॅच ऑपरेटरच्या हातात राहत नाही. हा विचार सेमेनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात मांडला होता. तारापूरमध्ये रासायनिक अपघातांची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. जानेवारी 2020 मध्ये कोलवडे परिसरातल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि आठ जण गेले. त्या घटनेचे कारण सांगण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्यांचा. वसाहतीत काम करणाऱ्या प्रत्येक रसायन अभियंत्याला उष्णतेचा हा हिशेब स्वतः मांडता यावा, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो.

हिशेब मांडायला अवघड नाही. दोन समीकरणे पुरतात: एक कच्चा माल किती उरला त्याचे, दुसरे तापमानाचे. अडचण पुढे येते. अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा आपल्याला अंदाजे माहीत असते. जॅकेटच्या आत क्षार साचल्याने उष्णता जाण्याचा दर किती घसरला आहे, हेही अंदाजेच माहीत असते. जॅकेटमध्ये थंड ब्राइन खेळवणारा पंप नेमका कोणत्या मिनिटाला बंद पडेल, हे तर कोणालाच माहीत नसते. म्हणून एकच उत्तर काढून भागत नाही. या सगळ्या अनिश्चित आकड्यांच्या दहा हजार जोड्या घेऊन दहा हजार वेळा बॅच संगणकावर चालवायची, आणि त्यांतल्या किती वेळा तापमान धोक्याची रेषा ओलांडते ते मोजायचे. पंप बंद पडल्यावर ऑपरेटरला किती मिनिटे मिळतात, याचे खरे उत्तर त्या दहा हजारांच्या पसाऱ्यात असते.

इथे भाषेचा वेग ही चैन राहत नाही. प्रत्येक पायरीचे उत्तर आधीच्या पायरीवर अवलंबून असल्यामुळे पायथॉनची नेहमीची युक्ती, म्हणजे सगळे आकडे एका रांगेत ठेवून नमपाय या तिच्या गणिती संचाला एकदम द्यायचे, इथे सहजी लागू पडत नाही. समीकरण सोडवणारा भाग तुमच्या फंक्शनला पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि दर हाकेला पायथॉन ते ओळीओळीने वाचते. तेच गणित ज्युलियात नीट लिहिले तर साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उरकते, साध्या पायथॉनमध्ये त्याला काही मिनिटे लागतात. मिनिटे आणि सेकंद यांतला फरक किरकोळ वाटेल. पण उत्तर सेकंदांत आले की माणूस प्रश्न बदलून पुन्हा विचारतो: कच्च्या मालाचा चार्ज हळू केला तर? दोन भागांत केला तर? जॅकेट महिन्याआधी साफ केले असते तर? शिकणे या पुन्हा विचारण्यात घडते.

अणुवीज केंद्राच्या बाजूने पाहिले तर याच प्रश्नाचे आणखी गंभीर रूप दिसते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, उकळत्या पाण्याच्या. तिसरी आणि चौथी देशी बनावटीची, जड पाण्याची, प्रत्येकी 540 मेगावॉटची. चौथी 2005 साली आधी सुरू झाली, तिसरी 2006 साली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आधीच्या देशी अणुभट्ट्या 220 मेगावॉटच्या होत्या. 540 चा गाभा इतका मोठा झाला की त्याची एक बाजू गरम आणि दुसरी मंद अशी शक्ती डोलू शकते. त्यामागे झेनॉन-135 आहे. हे समस्थानिक न्यूट्रॉन गिळते. त्याचे बरेचसे प्रमाण आयोडीन-135 पासून उशिराने तयार होते. आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे साडेसहा तास, झेनॉनचे सुमारे नऊ तास. म्हणून गाभ्याचे चौदा विभाग करून प्रत्येकात साध्या पाण्याची पातळी वरखाली करत शक्ती सावरली जाते.

हे गणित मांडले की एकाच समीकरणसंचात तीन वेगळी घड्याळे चालू लागतात. न्यूट्रॉनची पिढी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात बदलते, उशिरा निघणारे न्यूट्रॉन सेकंदांपासून मिनिटापर्यंतचा वेळ घेतात, आणि झेनॉन तासांच्या हिशेबाने चालते. अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात. साध्या पद्धतीने सोडवायला गेले तर सगळ्यांत वेगवान घड्याळाच्या तालावर दीड-दोन दिवसांचा हिशेब करावा लागतो आणि संगणक गुदमरतो. स्टिफ समीकरणांसाठी ज्युलियात क्रिस राकॉकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संच माझ्या मते आज उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम संचांपैकी आहे. एवढ्या एका कारणासाठी ही भाषा शिकली तरी कष्ट वाया जात नाहीत.

आता तिच्या स्वभावाबद्दल. ज्युलियात एकाच नावाच्या फंक्शनची अनेक रूपे असू शकतात, आणि कोणते चालवायचे हे समोर आलेल्या सगळ्या गोष्टींचे प्रकार पाहून ठरते. ऐकायला हे तांत्रिक वाटते, फळ मात्र फार मोठे आहे. समीकरणे सोडवणारा संच एका माणसाने लिहिला. मोजमापातली अनिश्चितता सोबत वाहून नेणारी संख्या, म्हणजे 80 अंश अधिक-उणे 2, दुसऱ्या माणसाने लिहिली. दोघांनी एकमेकांसाठी काही लिहिले नव्हते. तरी तापमानाच्या जागी तशी संख्या ठेवली की उत्तर अधिक-उण्यासह बाहेर येते. एककांसह लिहिलेल्या संख्याही बऱ्याच ठिकाणी अशाच चालतात, आणि कोणी किलोपास्कलमध्ये बार मिसळले तर रूपांतर आपोआप होते. प्लान्टमध्ये काम केलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि तिचा सर्वांत गंभीर दोषही याच गुणाच्या पोटातून येतो. 2022 मध्ये काही अनुभवी वापरकर्त्यांनी जाहीरपणे दाखवून दिले की वेगवेगळ्यांनी लिहिलेले भाग जोडताना ज्युलियाने काही ठिकाणी कोणतीही तक्रार न करता चुकीची उत्तरे दिली. एक नमुना सांगतो. ज्युलियात यादीची मोजणी 1 पासून सुरू होते, पण वेगळ्या आकड्यापासून सुरू होणाऱ्या याद्याही करता येतात. काही फंक्शने लिहिताना यादी 1 पासूनच सुरू होते असे धरले होते आणि वेगासाठी हद्दीची तपासणी बंद ठेवली होती. तिथे वेगळी यादी दिली की ते फंक्शन हद्दीबाहेरचे आकडे वाचत असे. दाखवून दिलेल्या चुकांपैकी बऱ्याच पुढे दुरुस्त झाल्या. पण धोक्याचे मूळ कायम आहे: कोणता भाग कोणत्या गृहीतावर उभा आहे, हे सगळीकडे लिहून ठेवलेले नसते. थांबणारा कार्यक्रम परवडतो, खोटे उत्तर देणारा परवडत नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक गणिताशेजारी हाताने काढलेली एक सोपी तपासणी दिली आहे. ती टाळू नये.

दुसरा एक खड्डा नवशिक्याला हमखास लागतो. ज्युलियातल्या साध्या पूर्णांकाला मर्यादा आहे. 2 चा 63 वा घात विचारला तर ती निमूटपणे उणे 9223372036854775808 असे उत्तर देते. पायथॉनचे पूर्णांक असे फिरत नाहीत. वेगासाठी मोजलेली ही किंमत आहे आणि मोठ्या संख्यांसाठी वेगळा प्रकार उपलब्ध आहे, पण ठाऊक नसेल तर माणूस फसतो.

वाट पाहायला लागणे हा पूर्वी सर्वांत बदनाम दोष होता. भाषा चालवण्याआधी रूपांतर करते, म्हणून पहिला आलेख उमटायला जुन्या आवृत्त्यांत कंटाळा येईल इतका वेळ जाई. मे 2023 च्या 1.9 आवृत्तीपासून पॅकेजचे रूपांतर डिस्कवर साठवले जाते आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. संपला मात्र नाही. आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये जुनी, कमी मेमरीची यंत्रे असतात. तिथे पॅकेजे बसवताना डिस्क भरते आणि धीर सुटतो. चूक झाली की येणारा संदेश कधीकधी दोन-दोन पडदे लांब असतो. त्यातली कामाची ओळ शोधणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्यासाठी एक प्रकरण दिले आहे.

वेगही आपोआप मिळत नाही, हे इथेच सांगितलेले बरे. पायथॉनच्या सवयीने सगळे काही फंक्शनबाहेर मोकळ्या चलांत लिहिले तर ज्युलिया रेंगाळते. एकाच चलात कधी पूर्णांक, कधी अपूर्णांक ठेवला तरी तसेच होते. भाषेला आधीच कळले पाहिजे की कोणत्या चलात कोणत्या प्रकारची वस्तू आहे. ही शिस्त अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, आणि पडल्यावर कोडही स्वच्छ होतो, असा माझा अनुभव आहे.

नोकरीचा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो आणि तो विचारायलाच हवा. मुंबई-पुण्याच्या जाहिरातींत ज्युलियाचे नाव क्वचितच दिसते. पायथॉनचे सगळीकडे दिसते. यंत्रशिक्षणाचे जवळजवळ सारे जग पायथॉनभोवती उभे आहे, आणि पायथॉनही थांबलेली नाही. नम्बासारखी साधने तिचे लूप वेगवान करतात. म्हणून ज्याला एकच भाषा शिकायला वेळ आहे, त्याने पायथॉन शिकावी. ज्युलिया दुसरी भाषा म्हणून शिकावी. ज्याचे काम समीकरणांशी, इष्टतम नियोजनाशी, मोठ्या सिम्युलेशनशी आहे, त्याने ती लवकर शिकावी. अमेरिकेच्या न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेने आपले अर्थव्यवस्थेचे प्रारूप 2015 मध्ये ज्युलियात आणले. हवामानाची आणि समुद्राची नवी प्रारूपे तिच्यात लिहिली जात आहेत. औषधाची मात्रा शरीरात कशी उतरते याचे हिशेबही तिच्यात होतात. वसाहतीतल्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांनी या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष ठेवावे.

काही ठिकाणी मात्र ज्युलिया वापरू नये. अणुभट्टीच्या सुरक्षेची अधिकृत गणिते जगभर आजही मोठ्या प्रमाणावर फोर्ट्रानमध्ये लिहिलेल्या कार्यक्रमांवर होतात. फोर्ट्रान 1957 सालची. नवी पिढी तिला जुनाट म्हणते, ते मला अजिबात पटत नाही. त्या कार्यक्रमांची किंमत भाषेत नसून त्यांच्या मागे असलेल्या दशकांच्या प्रयोगांत आणि पडताळणीत आहे. तेच गणित नव्या भाषेत सुंदर लिहून झाले, तरी ती पडताळणी पहिल्यापासून करावी लागेल. तसेच ज्युलियात काढलेला उष्णतेचा आलेख हॅझॉपची, म्हणजे प्लान्टमधले धोके पद्धतशीर शोधण्याच्या तपासणीची, आणि कॅलरीमीटरवरच्या चाचणीची जागा घेत नाही. चाचणीत कोणता प्रश्न विचारायचा, एवढे तो आलेख सांगतो. संपूर्ण प्लान्टचा प्रवाह मांडायचा असेल तर डीडब्ल्यूसिमसारखे तयार, मोफत साधन आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचा प्रसार केला आहे. त्याच संस्थेतून चालणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात अनेक मुक्त साधनांचे धडे मराठीतूनही आहेत. या पुस्तकाआधी ते पाहिले तर फार सोपे जाईल.

मराठीत लिहिणाऱ्याला ज्युलियाची एक गोष्ट सुखावते. चलांना देवनागरी नावे देता येतात. तापमान, दाब, वेग असे सरळ लिहिले तरी कार्यक्रम चालतो. पायथॉनमध्येही ही सोय आहे. पहिल्या तीन प्रकरणांत मी तिचा मुद्दाम वापर केला आहे, कारण नववी-दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलाला समीकरण ओळखीचे दिसते. चौथ्या प्रकरणापासून इंग्रजी नावे येतात. दर शब्दाला कळफलक बदलणे जाचक होते, आणि तुमचा कोड उद्या हैदराबादच्या किंवा बर्लिनच्या माणसालाही वाचता यायला हवा.

शेवटचे प्रकरण भूकंपाचे आहे. डहाणू-तलासरीत धक्के वाढल्यावर 2019 च्या सुरुवातीला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या भागात यंत्रे बसवली. तीन-चार ठिकाणी लाटा कोणत्या क्षणी पोहोचल्या, यावरून धक्का कुठे आणि किती खोल झाला हे काढणे म्हणजे उलट्या दिशेने सोडवायचे गणित. अंदाज करायचा, चूक मोजायची, अंदाज सुधारायचा. चूक कोणत्या दिशेने कमी होते हे ज्युलिया आपोआप काढून देते. त्या प्रकरणातले आकडे सरावासाठी तयार केलेले आहेत, खऱ्या नोंदी नाहीत. पद्धत मात्र खरी आहे.

पुस्तक वापरायला ज्युलियाची 1.10 किंवा त्यापुढची आवृत्ती लागेल. 1.10 ला दीर्घकाळ देखभालीचे आश्वासन आहे, म्हणून लॅबसाठी तीच घ्यावी. पॅकेजे उतरवताना इंटरनेट लागते, एकदा उतरल्यावर लागत नाही. त्यामुळे जव्हार-मोखाड्याहून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात बसूनच ती उतरवून न्यावीत. पालघर, बोईसर, चिंचणीच्या शिक्षकांना विनंती आहे की दुसरे प्रकरण, म्हणजे बॅच रिअॅक्टरचे, आधी स्वतः पुरते सोडवावे आणि मगच वर्गात न्यावे. वसाहतीत नोकरी करणाऱ्यांनी आपल्या प्लान्टचा गुप्त तपशील बदलून, पण प्रश्न खरा ठेवून, तो सोडवून पाहावा आणि उत्तर सुरक्षा अधिकाऱ्यापुढे ठेवावे. पुस्तकातले कोणतेही गणित तुमच्या हातच्या तपासणीशी जुळले नाही, तर मला जरूर लिहा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती जाईल.